काखेत कळसा, प्रयोगशाळेला वळसा

"रिपोर्ट तर चांगला आहे, मग दुखतंय कुठे?"

हे वाक्य ऐकलं नाही अशी बाई आपल्या गटांमध्ये शोधून सापडायची नाही. कंबर, डोकं, ओटीपोट, सांधे, दुखण्याची जागा बदलते, वाक्य तेच राहतं. कागद खरा, बाई खोटी. आता हेच वाक्य एका नव्या दाराने आत येऊ लागलं आहे. ते पाय पसरून बसण्याआधी त्याबद्दल बोलायला हवं, म्हणून हा लेख.

त्वचेचे काही आजार वर्षानुवर्षं चालतात. सोरायसिस, एक्झिमा, आणि ज्याबद्दल मी इथे लिहिणार आहे तो. या सगळ्यांच्या मुळाशी दाह असतो. शरीराची संरक्षणव्यवस्था सतत पेटलेली राहते आणि कातडी सुजते, दुखते, फुटते. एखादीचा आजार किती तीव्र आहे हे आजवर डॉक्टरांनी डोळ्यांनी बघून, बोटांनी चाचपून ठरवलं. गेल्या काही वर्षांत मात्र संशोधनाचा ओघ दुसरीकडे वळला आहे. रक्त काढा, त्यातल्या दाहाच्या खुणा मोजा, आणि येणाऱ्या आकड्यावरून आजाराची तीव्रता ठरवा, असा तो विचार आहे. संशोधनाला माझा विरोध नाही. रक्त तपासायलाही नाही. विरोध आहे तो बाईचं ऐकण्याऐवजी आणि तिचं शरीर बघण्याऐवजी हा आकडा पुढे करण्याला.

आजाराचं वैद्यकीय नाव हायड्रॅडिनायटिस सपुराटिव्हा. नाव अवघड असलं तरी आजार ओळखीचा आहे. काखेत, जांघेत, स्तनांखाली, ढुंगणावर, कधी योनीच्या बाहेरच्या ओठांवर ठणकणाऱ्या गाठी येतात. त्या पिकतात, फुटतात, पू येतो, वास येतो. भरल्यासारख्या होतात आणि पुन्हा त्याच जागी किंवा शेजारी उगवतात. काही वर्षांनी कातडीखाली या गाठीपासून त्या गाठीपर्यंत भुयारं तयार होतात आणि ती वाहत राहतात. जुने व्रण दोरीसारखे आवळत जातात. आपल्या आया-आज्या काखेतल्या गाठीला काखमांजरी म्हणत आल्या आहेत. पोटीस बांधा, जाईल. एखादी काखमांजरी जातेही. पण सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा याच जागांवर गाठी आल्या, तर ते साधं करट नव्हे. या आजाराची शंका घ्यायलाच हवी.

बहुतेकींना तो वयात आल्यानंतर, विशीच्या आसपास सुरू होतो. पाळीच्या आधी गाठी वाढतात असं अनेकजणी सांगतात. युरोप-अमेरिकेत एका पुरुषामागे साधारण तीन स्त्रियांना तो असल्याचं दिसतं. जपान आणि कोरियातल्या रुग्णालयांच्या नोंदींत मात्र पुरुष अधिक आहेत. आपल्याकडे काय चित्र आहे? रुग्णालयात जे येतात त्यांचीच मोजणी होते. जांघेतली गाठ दाखवायला रुग्णालयात कोण येऊ शकतं आणि कोण येऊ शकत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता या आजाराच्या नावाचा इतिहास बघा. १८३३ साली फ्रान्समध्ये वेल्पो या डॉक्टरने त्याचं वर्णन केलं. १८५४ साली व्हेर्नई या शल्यविशारदाने त्याचा संबंध घामाच्या ग्रंथींशी जोडला आणि नावातच घाम आला. आज आपल्याला माहीत आहे की सुरुवात घामाच्या ग्रंथीत होत नाही. केसाच्या मुळाशी असलेली पिशवी तोंडाशी बंद होते, आतल्या आत फुटते आणि शरीर त्यावर तुटून पडतं. हा आजार अस्वच्छतेने होत नाही. एकीचा दुसरीला लागत नाही. तो गुप्तरोगही नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं, आणि नावासोबत संशयही चिकटला. अंघोळ नीट करत नसेल. नवऱ्याकडून आला असेल, किंवा नवऱ्याव्यतिरिक्त आणखी कुणाकडून.

२०१५ साली अनेक देशांतल्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिली लक्षणं दिसल्यापासून आजाराचं नाव कळेपर्यंत किती काळ जातो, हे त्यात मोजलं होतं. सोरायसिसला सरासरी दीड वर्षाच्या आसपास लागलं, या आजाराला सात वर्षांहून जास्त. दोन्ही त्वचेचेच आजार. पण एक कोपरावर, गुडघ्यावर दिसतो आणि दुसरा कपड्यांच्या आत, लाजेच्या जागी. ही सात वर्षं कुठल्याही महागड्या तपासणीवाचून गेलेली नाहीत. या आजाराचं निदान करायला ना सोनोग्राफी लागते, ना रक्त. जागा बघायची, आणि विचारायचं की असं आधी किती वेळा झालं? एवढंच. तेवढंच होत नाही.

मला हा आजार १९ व्या वर्षी सुरू झाला. नाव कळलं तेव्हा मी ३१ वर्षांची होते. मधल्या बारा वर्षांत नऊ वेळा चीर देऊन पू काढला. नुसती चीर दिली की गाठ बहुधा परत येते, हे मला कोणी सांगितलं नाही. साबण बदला, सांगितलं. वजन कमी करा, सांगितलं. लग्न झाल्यावर जाईल, असंही सांगितलं. ब्लाउजच्या बाह्या गडद रंगाच्या शिवायच्या, जुन्या सुती साडीच्या घड्या काखेत ठेवायच्या, लोकलमध्ये वरची कडी धरायची नाही, मोर्चात मूठ उंचावून घोषणा द्यायची वेळ आली की डावा हात वर करायचा. इतकं सगळं मी शिकले. आपल्या कितीतरी मैत्रिणी असंच काहीबाही गुपचूप शिकत असतील.

तीव्रता मोजायच्या आजच्या पद्धती समजून घेऊ, कारण वाद त्यावरच आहे. १९८९ साली हर्ली या अमेरिकन डॉक्टरने तीन पायऱ्या ठरवल्या. पहिलीत गाठी असतात पण भुयारं नसतात. दुसरीत भुयारं आणि व्रण असतात, पण अंतराअंतरावर. तिसरीत तो सगळा भागच आतून जोडला गेलेला असतो. २०१७ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने मोजणीची आणखी नेमकी रीत मांडली. प्रत्येक गाठीला एक गुण, पुवाने भरलेल्या प्रत्येक गळवाला दोन, वाहणाऱ्या प्रत्येक भुयाराला चार. बेरीज तीनपर्यंत आली तर सौम्य, चार ते दहा मध्यम, अकरा आणि पुढे तीव्र. हिशेब इतका सोपा की दहावी झालेली आशाताईही तो करील. अट एकच, बाईचे कपडे बाजूला करून नीट बघावं लागतं आणि बोटांनी हळूच चाचपावं लागतं.

इथेच खरी अडचण आहे. आपली बाह्यरुग्ण खोली डोळ्यांसमोर आणा. एका खोलीत दोन टेबलं, भोवती शिकाऊ डॉक्टर, दारात रांग, पडदा असला तर तो गुंडाळून वर टाकलेला. स्त्री डॉक्टर असतेच असं नाही. शेजारी उभी राहायला नर्स रिकामी नसते. एका रुग्णाला दोन मिनिटं. अशा ठिकाणी बाई जांघ उघडी करणार नाही, आणि डॉक्टरही तिला ते सांगणार नाही. मग तो काय करतो? कागदावर तपासण्या लिहितो. बाई खाली जाते, बाही कोपरापर्यंत वर करते. सुई टोचली जाते ती काखेपासून वीतभर अंतरावर. रक्त प्रयोगशाळेत जातं आणि काख झाकलेलीच राहते. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय!

म्हणून मला भीती वाटते ती या तपासणीच्या सोयीची. ती व्यवस्थेला सोयीची आहे. पडदा लावायला नको, नर्स नेमायला नको, बाईशी बोलायला नको. ज्या कारणांनी आजार सात वर्षं लपून राहतो, तीच सगळी कारणं जशीच्या तशी ठेवून वर आकडा मिळतो.

बरं, तो आकडा सांगतो तरी काय? सगळ्यात जास्त वापरात आहे सीआरपी, म्हणजे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस या संशोधकांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात त्याची ओळख पटली. ते यकृतात तयार होतं. शरीरात कुठेही दाह पेटला की इंटरल्युकिन-६ सारखे रासायनिक निरोप यकृताला पोचतात आणि सीआरपी वाढतं. यातला 'कुठेही' हा शब्द महत्त्वाचा. काखेतल्या गळवाने ते वाढेल, तसंच किडलेल्या दाताने, फुप्फुसाच्या संसर्गाने, संधिवातानेही वाढेल. गावाबाहेरून धूर दिसावा तसं हे आहे. काहीतरी जळतंय हे कळतं, कुणाचं घर जळतंय ते कळत नाही.

दुसरा ईएसआर. लाल पेशी नळीत तासाभरात किती मिलिमीटर खाली बसतात ते त्यात मोजतात. स्त्रियांमध्ये तो मुळातच पुरुषांपेक्षा जास्त असतो. वयाबरोबर, गरोदरपणात आणि रक्तक्षयात तो वाढतो. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा २०१९-२१ चा अहवाल घ्या. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, महाराष्ट्रात ५४ टक्क्यांना. अर्ध्याहून अधिक बायकांच्या बाबतीत हा आकडा आधीच गढूळ झालेला आहे.

तिसरं, न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तर. साध्या सीबीसीच्या कागदावरून भागाकार करून ते काढता येतं, वेगळा पैसा लागत नाही. म्हणून आजकाल त्यावर बरंच लिहिलं जातं. पण आपल्याकडे सांधे दुखले, दम लागला की स्टिरॉइडच्या गोळ्या सर्रास दिल्या जातात. त्या घेणाऱ्या बाईत न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात आणि आजार तसूभर न वाढताही गुणोत्तर फुगतं.

आणखी बघा. चरबीच्या पेशी स्वतःच इंटरल्युकिन-६ तयार करतात, त्यामुळे जाड बाईचं सीआरपी त्वचेचा कुठलाही आजार नसतानाही थोडं चढलेलं असू शकतं. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते वाढतं. उलट, ज्या बाईच्या जांघेत एकच भुयार आहे पण ते दिवसरात्र वाहतंय, जिला बसताना, चालताना, लघवीला बसताना कळ येते, तिचं सीआरपी अगदी सामान्य मर्यादेत असू शकतं. आजार एका तळहाताएवढ्या जागेत कोंडलेला असतो. संपूर्ण रक्तात त्याची चाहूल लागेलच असं नाही. वेदना मात्र संपूर्ण बाईला होते.

मग संशोधनात काय दिसतं? तीव्र आजार असलेल्यांच्या गटात सीआरपी, ईएसआर, हे गुणोत्तर यांची सरासरी सौम्य आजाराच्या गटापेक्षा जास्त येते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. ते खोटं नाही. पण सरासरी गटाची असते आणि खुर्चीवर बसलेली असते एक बाई. समजा, गावातल्या पुरुषांची सरासरी उंची बायकांपेक्षा जास्त आहे. म्हणून समोरचं माणूस पाच फूट चार इंच आहे एवढ्यावरून ते बाई की पुरुष हे सांगता येईल का? सौम्य आणि तीव्र गटांचे आकडे असेच एकमेकांत मिसळलेले असतात. एकट्या रक्ताच्या आकड्यावर विसंबून या बाईचा आजार किती तीव्र ते ठरवावं, अशी एकही खूण या आजारासाठी आजवर सिद्ध झालेली नाही.

आणि गंमत बघा. या आजारासाठी अमेरिकेत आणि युरोपात २०१५ साली मान्यता मिळालेलं पहिलं जैविक औषध म्हणजे अ‍ॅडालिम्युमॅब. ते काम करतं की नाही हे कशावरून ठरलं? रक्तावरून नव्हे. गाठी आणि गळवं मोजून. ती निम्म्याने कमी झाली आणि गळवं व वाहणारी भुयारं वाढली नाहीत, तर औषध लागू पडलं असं मानायचं, ही कसोटी होती. १२ आठवड्यांनी दोन मोठ्या चाचण्यांत अनुक्रमे सुमारे ४२ आणि ५९ टक्के रुग्ण या कसोटीला उतरले, आणि नुसतंच दिखाऊ इंजेक्शन मिळालेल्यांपैकी २६ आणि २८ टक्के. कंपनीला औषध विकायचं असतं तेव्हा गाठी बघून, हात लावून, एक एक करून मोजता येतात. बाईला औषध हवं असतं तेव्हा मात्र तिचं रक्त बोललं पाहिजे!

हे मी कल्पनेने लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात उपचारांच्या खर्चाच्या परताव्यासाठी अर्ज केला. सोबत त्वचारोगतज्ज्ञांचं पत्र होतं. त्यात गाठींची मोजणी होती: गाठी तीन, वाहणारी भुयारं दोन. तीन अधिक आठ, अकरा. म्हणजे तीव्र. अर्ज परत आला तो शेरा मारून, 'सीआरपी सामान्य. आजार सौम्य स्वरूपाचा.' ज्या गृहस्थांनी शेरा मारला त्यांनी मला पाहिलेलं नव्हतं. पाहायची गरजही त्यांना वाटली नव्हती, कारण हातात आकडा होता. मी पुन्हा अर्ज केला, पुन्हा पत्र जोडलं. तो कागद अजून कुठल्यातरी टेबलावर आहे.

आमच्या गटातल्या एका मैत्रिणीचं उलट झालं. तिचं सीआरपी वाढलेलं आलं. तिला वाटलं, आता तरी ऐकतील. डॉक्टर म्हणाले, ते वजनामुळे आहे, आधी वीस किलो कमी करा मग बघू. आकडा चढला तर वजनाचं कारण, आकडा उतरला तर मनाचं कारण. कुठूनही बघा, चूक बाईचीच.

वजनाचा आणि या आजाराचा संबंध आहे, मी तो नाकारत नाही. वजन घटल्याने काहींना आराम पडतो. पण ज्या बाईला दोन मांड्या एकमेकींना घासल्या की जीव जातो, तिला रोज चालायला सांगायचं आणि गाठींवर उपचार द्यायचे नाहीत, याला सल्ला म्हणत नाहीत, टोलवाटोलवी म्हणतात.

काही मैत्रिणी माझ्याशी वाद घालतात, आणि त्यांचं म्हणणं मी गांभीर्याने घेते. त्या म्हणतात, "अगं, आपलं कोणी ऐकतच नाही. निदान आकडा असला की तोंड बंद करता येतं. रक्ताचा रिपोर्ट म्हणजे आपला पुरावा." सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, गोऱ्या कातडीवर घडवलेल्या डोळ्यांना आपला दाह कमीच वाटतो, मग रक्त निदान रंग तरी बघत नाही, असंही त्या म्हणतात. यात तथ्य आहे. सोरायसिसची तीव्रता मोजणाऱ्या, १९७८ पासून चालत आलेल्या प्रसिद्ध पद्धतीत लालीला गुण आहेत, आणि सावळ्या कातडीवर ती लाली जांभळट किंवा काळपट दिसते. डोळा चुकतो, हे खरंच.

पण मैत्रिणींनो, पुरावा या शब्दाशी आपली जुनी ओळख आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरावर बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं, आणि त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक म्हणजे तिच्या शरीरावर जखमांच्या खुणा नव्हत्या. १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभरातल्या बायका रस्त्यावर आल्या, त्या याच अन्यायाविरुद्ध. दोन बोटांच्या चाचणीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ताशेरे ओढले आणि २०२२ साली पुन्हा एकदा बजावावं लागलं. बलात्कार आणि त्वचारोग एका तागडीत तोलायचा माझा हेतू नाही. पण रीत ओळखा. बाईच्या बोलण्याच्या वर तिच्या शरीरावरची खूण बसवली, की जिच्या शरीरावर खूण उमटत नाही ती खोटी ठरते. आज ज्यांचं सीआरपी वाढलेलं आहे त्यांना पुरावा मिळेल. ज्यांचं वाढलेलं नाही त्या बायकांचं काय? त्यांना आपण मागे सोडायचं का?

सावळ्या कातडीवर डोळा चुकत असेल तर त्याला उपाय डोळा शिकवणं हा आहे. वैद्यकीय पुस्तकांत आपल्या कातडीची चित्रं यायला हवीत. आणि गाठ, गळू, भुयार हे काही रंगावर अवलंबून नसतात. ते बोटाला लागतात.

कोणी म्हणेल, या बाईला विज्ञानाचं वावडं आहे. मुळीच नाही. रक्ताचे उपयोग मला चांगले माहीत आहेत. एकाच बाईचं सीआरपी उपचाराआधी आणि उपचारानंतर तपासलं, तर तिचं तिच्याशीच ताडून बघता येतं, आणि त्यातून काही कळू शकतं. जपानमध्ये एक्झिमाच्या एका प्रकारासाठी टार्क नावाची रक्ततपासणी नेहमीच्या उपचारात वापरतात, कातडी बघण्याच्या जोडीला. या आजारासोबत मधुमेह आणि चरबीचे विकार जास्त आढळतात, म्हणून साखर आणि कोलेस्टेरॉल बघायलाच हवं. जैविक औषधाने दबलेला क्षय उसळू शकतो, म्हणून ते सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी हवीच हवी. आणि हिमोग्लोबिन! दाह वर्षानुवर्षं चालला की शरीर लोह साठ्यातच अडवून ठेवतं, रक्त तयार करायला देत नाही. त्यामुळेही रक्तक्षय होतो. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाच्या गोळ्या हातात ठेवतात आणि पालेभाजी खा म्हणतात. गोळ्या खाऊनही ते वाढत नसेल तर शरीरात कुठे दाह लपला आहे का, हे कोणी विचारत नाही. रक्ताने प्रश्न उभा करावा आणि उत्तरासाठी बाईकडे यावं, असं मला वाटतं. आज ते बाईचं तोंड बंद करण्यासाठी वापरलं जातं आहे.

आपल्या चळवळीतूनही एक आक्षेप येतो. हुंडाबळी, रोजगार, रेशन, हिंसा असे प्रश्न समोर असताना काखेतल्या गाठी कुठे घेऊन बसलीस? मी म्हणते, याच प्रश्नांच्या आत या गाठी आहेत. जिच्या अंगाला वास येतो म्हणून घरकाम सुटतं, तिचा तो रोजगाराचा प्रश्न आहे. जिच्या जांघेतल्या गाठी बघून नवरा संशय घेतो आणि मारतो, तिचा तो हिंसेचा आहे. १९८० च्या दशकात राजस्थानातल्या खेड्यांतल्या बायकांनी कार्यकर्त्यांबरोबर बसून 'शरीर की जानकारी' हे पुस्तक तयार केलं. आपलं शरीर आपण बघायचं, आपल्या शब्दांत सांगायचं, हे आपण त्या काळात शिकलो. ते विसरून चालणार नाही.

तर मग मागायचं काय?

सरकारी रुग्णालयांच्या त्वचारोग विभागात पडदा, बंद खोली आणि सोबत स्त्री कर्मचारी हवी. या गोष्टी प्रयोगशाळेतल्या यंत्रांपेक्षा स्वस्त आहेत. परत परत येणाऱ्या गळवावर नुसती चीर देऊन बाईला घरी धाडण्याआधी 'आधी किती वेळा, कुठे कुठे' हे दोन प्रश्न विचारणं सक्तीचं करा. विमा कंपन्या, कार्यालयं आणि शासकीय योजना यांनी केवळ रक्ताच्या आकड्यावरून या आजाराचा दावा नाकारू नये, गाठींची मोजणी आणि बाईची वेदना यांची नोंद ग्राह्य धरावी. आजाराचा जीवनावर होणारा परिणाम मोजायला १९९४ साली कार्डिफमध्ये दहा प्रश्नांची एक यादी तयार झाली. ती जगभर वापरतात. त्यात कपड्यांचा, कामाचा, शरीरसंबंधाचा प्रश्न आहे. पाण्याचा हंडा, धुणं, कापूस वेचणं, लोकलची कडी यांचे प्रश्न त्यात असणार कुठून? ते आपल्या बायकांना विचारून आपल्याकडे तयार व्हायला हवेत. आणि रक्तातल्या खुणांवर संशोधन करायचं असेल तर जरूर करा, पण रक्तक्षय असलेल्या, गोळ्या घेणाऱ्या, बाळंतपणं झालेल्या आपल्या बायका त्यात घ्या, आणि निष्कर्ष त्यांना मराठीत येऊन सांगा.

आपण काय करायचं? पुढच्या गटबैठकीत हा विषय काढा. वहीत लिहायला सुरुवात करा: तारीख, जागा, गाठी किती, भुयारं किती, दुखणं शून्य ते दहापैकी किती, पाळी कधी, कुठलं काम करता आलं नाही. तीन महिन्यांची अशी वही डॉक्टरांसमोर ठेवा. एकटीला जायला संकोच वाटत असेल तर दोघी जा. डॉक्टर कागदाकडे बघून बोलू लागले तर म्हणा, "डॉक्टर, रिपोर्ट मागाहून बघा. आधी मला तपासा." हे एक वाक्य म्हणायला फार बळ लागतं, मला माहीत आहे. म्हणूनच ते गटात मोठ्याने म्हणून बघा, पुन्हा पुन्हा म्हणा.

दुखणं किती आहे हे सांगण्याचा पहिला हक्क जिला दुखतंय तिचा आहे. रक्ताची साक्ष जरूर काढा, पण ती तिच्यानंतर.